नावासाठी थांबणारं गाणं

धुळ्याहून भावाचा फोन आला तेव्हा मी जळगावात नवऱ्याचा डबा भरत होते. "अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. पोळी हातातच राहिली... रडायच्याही आधी मनात आलं, आता माझं नाव कोण घेणार?

अक्का म्हणजे आमची आई. हळदीची गाणी म्हणावीत तर तिनंच. या गाण्यात घरातल्या एकेकाचं नाव गुंफायचं असतं, आणि एखादी मावशी सुटली तर ती लग्न उरकेपर्यंत रुसून बसते. अक्काकडून कधी कुणी सुटलं नाही. स्वतःचं नाव मात्र ती घालायची नाही. "म्हननारीनी सोतानं नाव लेवानं नही," असा तिचा खाक्या.

अशा बाईला विस्मरणानं गाठलं. मी पोटची मुलगी समोर बसलेली असायचे आणि ती मला पाहुणीसारखा चहा विचारायची. मी हौसेनं मोबाइलवर हळदीची गाणी लावली, पण त्यात नावं भलत्याच घरची! "ह्या कोन शेतस? बंद कर ते!" अक्का चिडली. मी उगीचच वहिनीवर उखडले.

वहिनी शहाणी. तिनं शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांना रोज दुपारी बोलावलं. ओट्यावर अक्कासमोर मांडी घालून त्या गायच्या, नावाची जागा आली की थांबायच्या आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या... कसली म्हणून घाई नाही. आधी अक्का नुसता मांडीवर ताल धरायची. मग त्या जागी तिच्या तोंडून भावाचं नाव आलं, नातवाचं आलं. मी दर शनिवारी जळगावहून जायचे, पण माझं काही येईना. खोटं कशाला सांगू, मला त्या पोराचासुद्धा हेवा वाटायचा. एका शनिवारी गाणं थांबलं आणि अक्का अगदी सुरात म्हणाली, "सुनंदा." मला रडू आवरेना. गाणं संपल्यावर तिनं पदरानं माझे डोळे पुसले आणि मायेनं विचारलं, "तुनं नाव काय शे, बाई?"

परवा, अक्का गेल्यावर महिन्याभरानं, माहेरी गेले. दुपारी त्या दोघी आपसूक ओट्यावर येऊन बसल्या. दुखवट्याच्या घरात हळदीचं गाणं कसं म्हणायचं, म्हणून सगळ्याच गप्प. शेवटी वहिनीच म्हणाली, "म्हना." गाणं सुरू झालं. नावाची जागा आली, दोघी थांबल्या, अक्का बसायची त्या भिंतीकडे बघत राहिल्या... तिनं जन्मभर गाळलेलं नाव मी म्हणाले, "गजराबाई."

दोघींनी ते उचललं आणि गाणं पुढे गेलं.