मधल्या कमानीचे सांधे

पाच कमानींचा तो दगडी पूल सातशे वर्षांचा. त्याचे सांधे भरण्यात एकाच घरातल्या तीन पिढ्या गेल्या. तिसऱ्या पिढीच्या या गवंडीकाकांना सगळे 'पुलाचे डॉक्टर' म्हणत. बायको म्हणे, "घरच्या भिंतीचे पोपडे निघालेत, तिकडे मात्र डॉक्टर फिरकत नाहीत!"

यंदा पुलाच्या तपासणीला इंजिनिअर बाई आल्या. मधल्या कमानीखाली शिडी लावून त्यांनी दगड नखाने खरवडला, तर पापुद्राच हातात आला.

"दगडच कच्चा आहे, काका. ही कमान उतरवून काँक्रीटची करावी लागेल."

काकांना ठाऊक होतं, दगड कच्चा नव्हता. वडील कळीचा चुना वर्षभर खड्ड्यात मुरवत, मगच सांध्यात भरत. असा सांधा दगडापेक्षा मऊ. दगडात मुरलेलं पाणी त्यातून निघून जाई. पण मधल्या कमानीची पाळी आली त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळलेले, आणि पंचविशीतल्या लेकाला धीर कुठला? त्याने मधली कमान सिमेंटने भरली. आठ दिवसांत काम फत्ते. जो तो पाठ थोपटू लागला.

"चुना नीट मुरला होता ना रे?" वडिलांनी विचारलं होतं.

"हो, बाबा."

त्या होकारावर विसंबून म्हातारा सुखाने गेला. सिमेंटने अडवलेलं पाणी मात्र चाळीस वर्षं दगड पोखरत राहिलं.

"बाई, दगड चांगला आहे," काका अखेर म्हणाले. "वाटोळं माझ्या सिमेंटने केलं. बाजूच्या कमानी बघा, चुन्यातल्या आहेत."

बाईंनी चारही कमानी ठोकून पाहिल्या. दगड खणखणीत वाजला.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"वडिलांना खोटं सांगून बसलो होतो. मग दुसऱ्या कुणाला खरं सांगायला तोंड उरलं नाही."

"सिमेंट काढता येईल?"

"येईल. कमान वाचेल. पण दगडाच्या कडा जातील."

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच छिन्नी घेऊन शिडीवर चढले. तिसऱ्या घावाला सिमेंट सुटलं आणि त्याला चिकटून दगडाची तळहाताएवढी घडीव कडही निघाली. त्यांनी ती जागेवर लावून पाहिली. नेमकी बसली.

"काका, काही अडलंय का?" बाईंनी खालून विचारलं.

"नाही," ते म्हणाले. पण दगडावर दाबलेला हात काही त्यांना काढवेना.