कौल माझा, मोटार पांडूची

मंडळी, आज दुपारी बोर्लीच्या बाजारात नवीकोरी मोटार आली आणि माझ्या तोंडातला घास कडू झाला.

मोटार पांडूची. काल-परवापर्यंत हा माझ्याबरोबर दिघी बंदराच्या वाटेवर बैलगाडी हाकत होता!

मोटारीचं स्वप्न मुळात माझं. त्यासाठी मी देवीला कौलही लावला होता. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. मी विचारलं, "बैल विकून मुंबईला मोटार शिकायला जाऊ का?" उजवं फूल टपकन पडलं. उजवं म्हणजे जा. पांडू शेजारीच हात जोडून उभा होता.

मी म्हटलं, शिमगा होऊ दे, परत एकदा विचारू. मग म्हटलं, भात कापून होऊ दे. पांडू मात्र कौल लागला त्याच आठवड्यात बैल विकून मुंबईला गेला.

आज त्याच्या भोंग्याला माझे बैल बुजले. सगळा बाजार त्याला हार घालायला धावला. मला राहवेना.

"तुला कधी रे दिला देवीनं कौल?"

"मला कुठं? मी इचारलंच न्हाय," तो हसला. "तुला दिला व्हता, तू काय गेला न्हायस. म्हटलं, देवीचा शब्द वाया कशाला घालवायचा?"

वर मोटारीपुढं फोडायला नारळ माझ्याच हातात दिला. मी असा आपटला, की पाणी त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर उडालं. तरी हसतोच आहे!

मंडळी, देवीची शपथ घेऊन सांगा. कौल माझा, तर मोटार कोणाची?