बादलीभर समुद्र
कूलरच्या ओल्या गवताचा वास आला की ते ओलं गोणपाट आठवतं. आमचं बाळ पोटातच गेलं होतं. मी जेवत नव्हते म्हणून यांनी माझ्या माहेरहून, मालवणहून, जिवंत शेवंड, म्हणजे लॉबस्टर, विमानाने जयपूरला मागवली. ती गोणपाटात गुंडाळून आली. पातेल्यात पाणी उकळत होतं. मी तिला उलटं केलं, तर पोटाखाली नारिंगी अंडी. "अशी शेवंड बाबा परत समुद्रात सोडायचे," मी म्हणाले. "इथे समुद्र कुठून आणू गं?" म्हणत हे रडले, पहिल्यांदाच. गॅस बंद करून आम्ही बादलीत मीठ विरघळवलं. समुद्राइतकं खारट झालं का, ते मी चाखून पाहत राहिले. संध्याकाळी तिच्या मिशा हलायच्या थांबल्या. बाळाला हॉस्पिटलमधून परस्परच नेलं होतं. तिला मात्र आम्ही दोघांनी अंगणात पुरलं. कूलरचं उरलेलं पाणी मी अजूनही त्याच जागी ओतते.