कुरुळी ते पिंपरी, जनरेटरसह

आकुर्डीहून निघालो तेव्हा रस्ते मोकळे होते, कारण गुरुवार होता. या पट्ट्यात बहुतेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि विजेची दुरुस्तीही त्याच दिवशी निघते. मोशीवरून नाशिक रस्त्याने कुरुळी गाठली. दाजींना, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांना, पिंपरीच्या रुग्णालयात न्यायचे होते.

दाजींची उमेदीची वर्षे लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीत गेली. आता फुप्फुसे कडक होत चालली आहेत आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत त्यांचे नाव आहे. तोवर आधार कॉन्सन्ट्रेटरचा (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारे, विजेवरचे यंत्र). ठरलेली तपासणी चुकली, तर पुढच्या तपासणीपर्यंत नाव बाजूला ठेवतात. मधल्या काळात जुळणारे फुप्फुस मिळाले तरी ते दुसऱ्याला जाते. तपासणीचा वारही गुरुवार. कामगारांना सोयीचा पडतो, असा रुग्णालयाचा खुलासा.

चाळीत वीज नव्हती. दाजी सकाळपासून प्रवासासाठी राखलेल्या सिलिंडरवर होते आणि त्याचा काटा लाल पट्टीला टेकत आला होता. ताईने पोहे पुढे केले. वीज कार्यालयात फोन लावला. काम चालू आहे, एवढे सांगून तो ठेवण्यात आला.

घरातला दुसरा, रिकामा सिलिंडर घेऊन मी चाकणच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. भरून देणाऱ्या दुकानाचे शटर खाली. पाटीवरच्या नंबरवर मालक भेटले. ते नारायणगावला लग्नात होते आणि किल्ली त्यांच्या खिशात होती. घरी पेशंट आहे, असे मी दोनदा सांगितले.

"साहेब, आज गुरुवार आहे ना," ते म्हणाले. "उद्या सकाळी या, पहिला नंबर तुमचा."

परतलो तर घरमालक बबनअण्णा दारात उभे. अण्णा जुने कुरुळीकर. जमीन कंपन्यांत गेली. आता चाळ, फॅब्रिकेशनचे दुकान आणि मांडवाचा व्यवसाय. त्यांनी दुकानातून वेल्डिंगचा सिलिंडर उचलून आणला होता.

"आक्सिजनच हाय की ह्यो बी."

तो रुग्णासाठी नसतो, असे मी सांगितल्यावर ते दुखावले. "पावणं, मंग मांडवाचा जनरेटर चालंल, का त्याला बी डॉक्टरची चिठ्ठी लागती?"

चालणार होता. जनरेटर अण्णांच्या टेम्पोच्या हौद्यात अगदी मागे बांधला आणि वायर खिडकीतून केबिनमध्ये घेतली. स्टिअरिंगवर अण्णा, मधे दाजी, पायांत यंत्र, नाकाला नळी, दाराशी मी. चौथ्याला जागा नव्हती, म्हणून ताई घरी थांबली. सिलिंडरमधला शेवटचा साठा टेम्पोतून उतरण्यासाठी राखला.

भोसरीच्या सिग्नलला एका दुचाकीस्वाराने वाकून विचारले, "अण्णा, डीजे कुणाकडं?" अण्णांनी त्याला वरातीला यायचे आमंत्रण दिले. दाजींना हसू आले, त्यातून खोकला, आणि खोकला थांबेपर्यंत सिग्नल दोनदा सुटला. मागून हॉर्न वाजत राहिले.

रुग्णालयाच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने मांडवाचे सामान मागच्या दाराने न्यायला सांगितले. केबिनमध्ये पेशंट आहे, हे त्याने डोकावून पाहिल्यावरच मान्य केले. तेवढ्यात ताईचा फोन आला. वीज आली होती.

तपासणी झाली, नाव यादीत राहिले. परतीसाठी रुग्णालयाने सिलिंडर भरून दिला आणि पुढची तारीख दिली. वार तोच. परतताना मोशीपर्यंत मी चाकणच्या दुकानदाराबद्दल बोलत होतो. शब्द मोजून वापरणारे दाजी म्हणाले, "आमचीही सुट्टी गुरुवारीच असायची. मीही दार उघडलं नसतं."

अख्ख्या पट्ट्याने विश्रांतीसाठी एक वार ठरवला, त्यात कुणाचाच दोष काढता येत नाही. श्वासाला मात्र तो वार ठाऊक नसतो.

कुरुळीत दाजींना यंत्राला जोडले. टेम्पोतला जनरेटर उतरवायला मी हात लावला, तर अण्णांनी माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ द्या वरच. गुरुवार काय लांब न्हाई."