राजा वगळून केलेला काढा

आमच्या घरात तेव्हा तीन माणसं होती आणि तिघंही औषधांतली जाणकार. नवरा पुण्याचा एम.डी., मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, आणि सासूबाई कसलीही पदवी नसताना आम्हा दोघांच्या वरच्या. अशा घरात माणूस आजारी पडला तर त्याचे काय हाल होतात, ते सांगण्यासारखं आहे.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. न्यूझीलंडने व्हिसाच्या अर्जात नवऱ्याच्या डॉक्टरकीला भरघोस गुण देऊन आम्हाला मोठ्या आदराने देशात घेतलं, आणि आत आल्यावर तितक्याच आदराने सांगितलं की ही डॉक्टरकी इथे चालत नाही, परीक्षा द्या. त्याची परीक्षा हुकली. माझी निभावली, मला नोकरी लागली, आणि एम.डी. साहेब ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये गोठलेल्या मटणाची खोकी हलवू लागले. तिथल्या सुपरवायझरला फार कौतुक. डॉक्टर असून खोकी इतकी सरळ रचतो म्हणायचा.

यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण सासूबाईंनी फोनवर ‘कामाला कुठे जातोस रे?’ असं विचारल्यावर त्याच्या तोंडून ‘हॉस्पिटलात’ असं निघून गेलं, आणि निघालेलं परत आत घेता येईना. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. घरातलं कुणीतरी हॉस्पिटलात जात होतंच. मग जुलैत, इकडच्या ऐन थंडीत, सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि फोनवरचं नाटक रोज सकाळी घरात होऊ लागलं. साहेब इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून निघत आणि पेनरोजला गाडीत बसून त्यावर जाड जाकीट चढवत. मला त्या टायचा संताप यायचा. तो चुकून धुण्यात टाकावा असं अनेकदा मनात आलं, पण रेशमी होता.

सासूबाई येताना निम्मी बॅग भरून काढ्याचं सामान घेऊन निघाल्या होत्या. ज्येष्ठमध, अडुळसा, वाळवलेली तुळस, गवती चहा. ऑकलंडच्या विमानतळावर एका बाईने हसतमुखाने ‘किया ओरा’ म्हणत स्वागत केलं, हातमोजे चढवले आणि सगळं काढून घेतलं. बाहेरचा पालापाचोळा या देशात चालत नाही. बाहेरचे डॉक्टर चालत नाहीत तसंच, पण हे मी सासूबाईंना सांगू शकत नव्हते.

पंधरवडा गेला नसेल, नवरा आजारी पडला. अंगात कसर, मान आखडलेली, थंडी वाजतेय तरी घाम येतोय, अन्नाची वासना नाही. ‘व्हायरल आहे,’ असं निदान त्याने स्वतःच केलं. डॉक्टरला काही कळेनासं झालं की तो व्हायरल म्हणतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. ते व्हायरल काही जाईना. दिवसभर बर्फाच्या कोठीतून आतबाहेर करणाऱ्याचं कसं जाईल? आम्हा दोघांना कारण ठाऊक होतं आणि सासूबाईंसमोर ते बोलता येत नव्हतं.

घराजवळ न्यू लिनला दुकानांच्या रांगेत एक चिनी औषधांचं दुकान होतं. सासूबाईंनी काचेतून ज्येष्ठमधाच्या काड्या ओळखल्या आणि पुढच्या शनिवारी आम्हा दोघांना तिथे ओढत नेलं. दुकानातली वयस्कर चिनी बाई गिऱ्हाइकावर खेकसायची, त्यामुळे सासूबाईंना एकदम पुण्यात आल्यासारखं वाटलं. बाईने नवऱ्याची नाडी धरली, जीभ पाहिली आणि काम काय करतोस म्हणून विचारलं. सासूबाई शेजारीच उभ्या. तो म्हणाला, डॉक्टर. बाईने त्याच्या भेगाळलेल्या बोटांकडे पाहिलं आणि हॉस्पिटलात हीटर नसतात का, असं विचारलं. तो म्हणाला, असतात.

मग तिने पुड्या बांधल्या. सासूबाई जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आलेल्या, इंग्रजी चांगलं, त्यांनी प्रत्येक जिन्नस कशासाठी ते विचारून घेतलं. बाईनेही शिकवणी घेतल्यासारखं सांगितलं. दालचिनीच्या कोवळ्या काड्या म्हणजे राजा, तो शिरलेली थंडी बाहेर काढतो. एका फुलझाडाचं पांढरं मूळ म्हणजे मंत्री. राजाने अतिरेक करून सगळा घाम ओतून टाकू नये म्हणून त्याला आवरणारा. आलं आणि लाल खजुरासारखी फळं हे मदतनीस, एक राजाच्या हाताखाली, एक मंत्र्याच्या. आणि ज्येष्ठमध हा दूत. सगळ्यांचं आपसात जमवून देतो. काढा प्यायल्यावर वर गरम पातळ पेज प्यायची, पांघरूण घेऊन पडायचं, हलका घाम येऊ द्यायचा, वाऱ्यात जायचं नाही.

इतकं व्यवस्थित राज्य घरी आणलं आणि आम्ही जाणकार कामाला लागलो. नवऱ्याने दालचिनी बाजूला काढली, कारण त्याला पित्ताचा त्रास. मी ज्येष्ठमध काढलं, कारण त्याने ब्लडप्रेशर वाढतं, हे मी रोज लोकांना सांगते आणि नवऱ्याचं आधीच वाढलेलं. सुकलेल्या आल्यात काही राम नाही म्हणून सासूबाईंनी ते फेकलं आणि चव यावी म्हणून गूळ घातला. कुणी कुणाला सांगितलं नाही. प्रत्येकाला आपली सुधारणा एवढी उघड योग्य वाटत होती की सांगायचं काय? नवऱ्याने ते गोड पाणी तीन दिवस प्यायलं, त्याला काही फरक पडला नाही, आणि चिनी वैद्यक म्हणजे थोतांड असं शास्त्रीय मत देऊन तो कण्हत झोपला.

सासूबाई तक्रार आणि आम्हा दोघांना घेऊन पुन्हा दुकानात. बाईने विचारलं, सांगितलं तसंच केलं ना? तेव्हा काउंटरपाशी एकेकाच्या तोंडून खरं बाहेर आलं. राजा नाही, दूत नाही, एक मदतनीस कचऱ्यात. बाई हसली नाही. जो काढा तुम्ही केलाच नाही त्याने बरं का वाटावं, असं तिने विचारलं. मग तिने नवऱ्याचा हात पुन्हा ओढून घेतला. म्हणाली की ही थंडी एकदा लागलेली नाही, ही रोज लागते आहे. ती कुठून येते ते सांगणार नसशील तर मी पुडी बांधणार नाही.

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही, छतापर्यंत गेलेल्या लाकडी खणांकडे पाहत राहिले. खरं सांगायचं तर त्याने एकदाचं बोलून टाकावं असंच मला वाटत होतं.

“मी पेनरोजला कोल्ड स्टोरेजमध्ये काम करतो,” तो इंग्रजीत त्या बाईला म्हणाला. “दिवसभर आतबाहेर. इथे मी डॉक्टर नाही.”

बाईने मान हलवली आणि दालचिनीचा खण उघडला. तिच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

सासूबाईंनी मराठीत विचारलं, “आत किती थंडी असते?”

“उणे अठरा.”

“आणि तिथे टाय लावून जातोस?”

घरी आल्यावर सासूबाईंनी पुडी माझ्या आणि नवऱ्याच्या हाताला न लागू देता स्वतः उकळत ठेवली, सगळीच्या सगळी, आणि शेजारी पेजेचं पातेलं चढवलं. भूगोलाच्या बाई आता नकाशाबाहेर पाऊल टाकणार नव्हत्या. मी विचारलं, आई, रागावलात का? त्या म्हणाल्या, हो. आणि ढवळत राहिल्या.

रविवारी दुपारी पुण्याहून नणंदेचा फोन आला. नवरा पेज पिऊन खोलीत दुलईत पडला होता, दार उघडं होतं, आणि फोन बाहेर पॅसेजमध्ये. पलीकडून नेहमीचंच विचारलं असावं, दादा ड्यूटीवर आहे का.

“घरी निजलाय,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तो हॉस्पिटलात नाहीये. कोल्ड स्टोरेजमध्ये खोकी उचलतो.” थोडं थांबून म्हणाल्या, “लोकांना काय सांगायचं म्हणजे? मी आत्ता तुला सांगितलं तेच.”

मी खोलीत गेले. त्याने दुलई डोक्यावरून ओढून घेतली होती. कपाळ पाहावं म्हणून मी ती बाजूला केली तर चेहरा सगळा ओला. त्यातला घाम किती ते मी विचारलं नाही. इतके दिवस मनात साठलेला माझा राग त्या वेळी कुठे गेला कोण जाणे, मी नुसती त्याच्या उशाशी बसले.

“आईला सांग, फोन ठेवू नको,” तो म्हणाला. “मी बोलतो तिच्याशी.”

तो उठला आणि दुलई गुंडाळून अनवाणी पॅसेजमध्ये गेला. त्या पॅसेजमध्ये दाराखालून सतत वारा यायचा. सासूबाईंनी त्याच्या हातात रिसीव्हर दिला, आणि आम्हा दोघींपैकी कुणीही त्याला अडवलं नाही.