पितृपक्षातली नवीन आवृत्ती

आमच्या कारखान्यात सर्व्हरची पूजा होते. खंडेनवमीला लेथ, प्रेस आणि ग्राइंडरच्या रांगेत त्यालाही मान असतो. मालक स्वतः हळदकुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात आणि अक्षता नेमक्या त्या जाळीवर टाकतात जिथून आतल्या पंख्याला हवा मिळते. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ब्रश घेऊन तांदळाचे दाणे काढत बसतो. वर्षाचे उरलेले दिवस त्या सर्व्हरकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

मी चिकलठाण्याच्या या कारखान्यात अकरा वर्षं संगणक सांभाळतो आहे. पदाचं नाव भारदस्त आहे, काम बहुतेक प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढण्याचं. आम्ही डाय बनवतो, म्हणजे पत्र्याला आकार देणारे लोखंडी ठसे. मालक फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातले. लोखंडातलं त्यांना सगळं कळतं, हे मी नाकारत नाही. पण लोखंड कळतं म्हणून आपल्याला सगळंच कळतं अशी त्यांची जी समजूत आहे, तिच्याखाली मी अकरा वर्षं चिरडला गेलो आहे.

आमच्याकडे डायची ड्रॉइंग करणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणे. त्या फुलंब्रीहून रोज काळी-पिवळी जीपने यायच्या आणि त्यांच्या ड्रॉइंगमध्ये मी कधी चूक निघालेली ऐकली नाही. त्यांच्या नवऱ्याला अपघात झाला आणि कमरेखालचं सगळं अंग गेलं. दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घरात दुसरी फक्त सासू, आणि तिलाच हाताला धरून उठवावं लागतं. ताईंना नोकरी हवी होती आणि घरीही राहणं भाग होतं. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आमच्या त्या एका सर्व्हरलाच बांधलेलं, ते उचलून घरी नेता येत नव्हतं. म्हणून मी त्यांना रिमोट डेस्कटॉप चालू करून दिला. ताई फुलंब्रीत नवऱ्याच्या खाटेशेजारी लॅपटॉप उघडायच्या आणि त्यांच्या पडद्यावर इथलं मशीन दिसायचं. त्यांनी तिथं हात हलवला की इथं रेघ उमटायची.

मालकांनी परवानगी दिली ती तोंड वाकडं करूनच. "बघू. पण एक सांगून ठेवतो, एकदा जरी काम अडलं तर हपिसात यायचं. घरी बसून काम होतंय यावर माझा लई विश्वास नाय." ताई हो म्हणाल्या. दीड वर्ष काम एकदाही अडलं नाही.

त्या वर्षी गणपती उठले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मला त्या रिमोट डेस्कटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडल्याची सूचना आली. ते काय होतं ते सोपं करून सांगतो, कारण मालकांनाही मी ते सोपं करूनच सांगितलं होतं आणि त्यांना कळलं नव्हतं. दारावर रखवालदार आहे. येणाऱ्याला तो नाव विचारतो, नाव यादीत असेल तर आत सोडतो. आता कोणीतरी टवाळ येतो आणि असं काही वेडंवाकडं नाव सांगतो की रखवालदाराला घेरीच येते. टवाळ आत जात नाही, काही चोरत नाही. पण रखवालदार आडवा पडलेला असतो तोवर घरच्या माणसालाही आत जाता येत नाही. या प्रकाराला आमच्या धंद्यात सेवा नाकारणं म्हणतात. त्यासाठी पासवर्ड लागत नाही, हुशारीही लागत नाही. जगभर असे रिकामटेकडे रात्रंदिवस लोकांची दारं वाजवत फिरत असतात, आणि आमचं दार सरळ रस्त्यावर उघडत होतं. मध्ये एक बंदिस्त बोळ करू द्या असं मी आधी सांगून पाहिलं होतं. "पासवर्ड हाय ना? मग कशाला?" हे त्यावरचं उत्तर.

भोक बुजवणारी सुधारित प्रत सूचनेबरोबरच आली होती. बसवायला पंधरा मिनिटंसुद्धा लागणार नव्हती. पण सर्व्हरवर कुठलंही सॉफ्टवेअर बसवायचं तर मालकांची लेखी परवानगी हवी, हा त्यांचा नियम. कोण्या एका माणसाने कधीतरी काहीतरी बिघडवलं होतं, तेव्हापासूनचा. मी पत्र लिहिलं. विषय टाकला : दूरस्थ सेवेची नवीन आवृत्ती बसविण्यास परवानगी मिळणेबाबत. खाली रखवालदाराची गोष्ट दीड पानभर, अगदी शुद्ध मराठीत. मालक विषयाच्या खाली कधी वाचत नाहीत हे मला माहीत होतं. तरी लिहिलं, कारण लिहिताना मला बरं वाटत होतं.

मालकांनी विषय वाचला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"नवीन?" ते म्हणाले. "अहो, पित्रं लागली ना आजपासून. पित्रांत नवीन काही करत नसतात."

मी म्हणालो, "साहेब, हे सॉफ्टवेअर आहे."

"असू द्या की. घट बसले की करा, नारळ फोडून करा. चोरी गेलं का काही?"

"नाही."

"बंद पडलं का?"

"अजून नाही."

"मग? पंधरा दिवसांनी काय होतंय?"

मी "ठीक आहे" म्हणून बाहेर आलो. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ही गोष्ट दोन टेबलांवर सांगितली आणि दोन्हीकडे हशा मिळवला. पितरांना सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती चालत नाही, कावळा शिवत नाही म्हणे तिला. मीच हे म्हणालो आणि मीच सगळ्यांत मोठ्याने हसलो. माझ्या घराण्यात तीन पिढ्या लेखणी आहे, आजोबा निजामाच्या कचेरीत होते, आणि मी या माणसाच्या सहीसाठी ताटकळतो, हे मला तेव्हा फार लागायचं. खरं म्हणजे अजूनही लागतं.

पाचव्या दिवशी रखवालदार पहिल्यांदा पडला. ताईंचा फोन आला, "सर, मला आतच घेईना ते." मी मशीनपाशी बसून सेवा पुन्हा चालू केली. दुपारी परत पडली, संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी चार वेळा. दर वेळी ताईंचं अर्धं ओढलेलं ड्रॉइंग जायचं, दर वेळी त्या म्हणायच्या, "सर, साहेबांना कळलं का?" मी म्हणायचो, "कळू द्या ना ताई. मी लेखी दिलंय." त्या फोन ठेवायच्या. त्यांना कशाची भीती होती ते मला पक्कं ठाऊक होतं. माझ्याजवळ लेखी पुरावा होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

इथं एक गोष्ट कबूल करतो, जी मी ऑफिसात आजवर कोणाला सांगितलेली नाही. सेवा पडली की ती आपोआप उठावी, अशी सोय मला पाच-सात ओळींत करता आली असती. त्याला कोणाची परवानगीही लागत नव्हती. केली नाही. ती केली असती तर पडलेलं मालकांना कळलंच नसतं, आणि मला ते कळायला हवं होतं. त्यांचं नाक चांगलं घासलं जावं एवढीच माझी इच्छा होती.

अष्टमीला मी रजेवर होतो. वडिलांचा म्हाळ होता. हो, मी म्हाळ घालतो. सॉफ्टवेअरच्या पितृपक्षावर दोन टेबलं हसवणारा मी त्या दिवशी सोवळं नेसून पाटावर बसलो होतो, दर्भाचं पवित्रक बोटात, आणि फोन आतल्या खोलीत. गुरुजी सांगतील तिथं पाणी सोडत होतो. उठलो तेव्हा दुपार कलली होती. फोनवर ताईंचे नऊ मिस्ड कॉल होते.

त्या दिवशी एका गिऱ्हाईकाला दुपारपर्यंत ड्रॉइंग द्यायचं होतं. ते लोक आमच्या ऑफिसात येऊन चहा पीत बसले होते. सकाळी सेवा पडली, आणि ती उठवणारा मी पितरांना जेवू घालत होतो. ताईंनी नऊ वेळा मला आणि शेवटी धीर करून मालकांना फोन केला. गिऱ्हाईक हात हलवत गेलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दहा मिनिटं मी जे बोललो त्याची मी आठ-नऊ दिवस मनात तालीम केली होती. पत्राची प्रत पुढे ठेवली. तारीख दाखवली. मी सांगितलं होतं, मी लिहून दिलं होतं, तुम्ही ऐकलं नाही, जगात कुठल्या कारखान्यात पंचांग बघून भोकं बुजवतात का. आवाजही चढवला. मालक ऐकत राहिले. मला वाटलं, जिंकलो.

मग ते शांतपणे म्हणाले, "बरं, चूक झाली आमची. पण ताईंना मी पहिल्याच दिवशी बोललो होतो, एकदा अडलं तर हपिसात यायचं. एक तारखेपासून त्यांना इथं यायला सांगा."

मी "बरं" म्हणालो. त्या दहा मिनिटांत मी ताईंचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. चूक सॉफ्टवेअरची आहे, बाईंची नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या दीड पानात नव्हतं, तालमीतही नव्हतं, आणि आयत्या वेळी सुचलंही नाही.

ताई येऊ शकणार नव्हत्या हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांनी फोनवर फक्त विचारलं, "सर, तुम्ही बोलला का साहेबांना?" मी म्हणालो, "खूप बोललो ताई." तेवढं तरी खरं होतं.

घट बसले त्या दिवशी मालकांनी सर्व्हरपुढे नारळ फोडला आणि मी नवीन आवृत्ती बसवली. अकरा मिनिटं लागली. दोन दिवसांनी ताई आपल्या ड्रॉइंगांची यादी द्यायला ऑफिसात आल्या. शेजारणीला नवऱ्यापाशी बसवून आल्या होत्या, म्हणून सारखं घड्याळ बघत होत्या. कुठलं ड्रॉइंग कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते त्यांनी मला सावकाश दाखवलं. मला राहवेना. मी त्यांना सगळी कथा सांगितली, तीच टेबलावरची, पितरांची आणि कावळ्याची. त्या हसल्या नाहीत.

"पर सर," त्या म्हणाल्या, "नवीन कुठं होतं ते? हाय तेच नीट करायचं होतं ना?"

"हो."

"मग दुरुस्ती म्हणायचं होतं. पित्रांत नवं करत नसतात, पर दुरुस्तीला कोण नाय म्हणतंय? आमच्या घरावरचं पत्र गळायलं होतं, मी पित्रांतच बदललं. साहेबांनी पण बोअरची जळालेली मोटर पित्रांतच भरून आणली की. तुमच्या खिडकीसमोरच तर बसवली."

बसवली होती. मी स्वतः बघितली होती. मालक उभे राहून मेस्त्रीला सूचना देत होते, आणि मी खिडकीतून त्यांच्या लुंगीवर मनातल्या मनात शेरे मारत होतो. दुरुस्ती हा शब्द मला तेव्हा सुचला नाही असंही नाही. पत्र लिहिताना सुचला होता. पण दुरुस्ती मेस्त्री करतो. मी आवृत्ती बसवतो.

ताईंच्या फोनचा गजर वाजला. कूस बदलायची वेळ झाली होती. "शेजारीण करंल का नाय काय माहीत," असं म्हणून त्या घाईने उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "येते सर. तुम्ही लई केलं माझ्यासाठी." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. फाटकापर्यंत सोडायला जावं असं वाटलं, पण गेलो नाही. मला स्वतःची शिसारी आली होती.

पुढे दोन-तीन महिन्यांनी त्याच सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक भोक निघालं. मी पत्र लिहिलं, एका ओळीचं. विषय : सर्व्हरची दुरुस्ती. मालक फोनवर बोलत होते. त्यांनी विषय वाचला, बोलणं न थांबवता पेन काढलं आणि सही केली.