मासळीची अफवा आणि बटाट्याची भाजी

पोलीस खात्यातल्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, हातखंब्याच्या वळणावरचे अपघात तर मोजता येणार नाहीत इतके पाहिले. त्यांतले बरेचसे आता धूसर झाले आहेत. एक साधी चौकशी मात्र काल घडल्यासारखी डोळ्यांसमोर उभी राहते. तिच्यात ना खून होता, ना चोरी. गुन्हासुद्धा शेवटपर्यंत दाखल झाला नाही. तरी एका बाईचे नुकसान झाले आणि ते माझ्यामुळे झाले. हे एवढे वाक्य लिहायला मला पंधरा वर्षे लागली.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. रत्नागिरीपासून तासाभराच्या अंतरावर एका बंदराच्या गावातले ठाणे माझ्याकडे होते. मी मूळचा लांज्याकडचा. समुद्र मला नोकरीनेच दाखवला.

मार्च महिना होता. जपानमध्ये मोठा भूकंप झाला, समुद्र गावांत घुसला आणि अणुभट्टी बिघडल्याच्या बातम्या सुरू झाल्या. टीव्हीवर दिवसभर तीच चित्रे. आमच्या जिल्ह्यात अणुऊर्जा प्रकल्पावरून आधीच वातावरण तापलेले होते. त्यामुळे कंट्रोल रूमचा वायरलेस आला : किरणोत्सर्गाबाबत अफवा पसरवणाऱ्यांवर लक्ष ठेवा, घबराट होऊ देऊ नका. मी तो संदेश स्टेशन डायरीत नोंदवला आणि सकाळच्या हजेरीला सगळ्यांना वाचून दाखवला.

दोन दिवसांनी मच्छीमार सोसायटीचे चेअरमन अर्ज घेऊन ठाण्यात आले. घामाघूम झाले होते.

"साहेब, बांगडा किनाऱ्यावर पडून हाय. उचलायला बाई नाय. कोणीतरी उठवलंय, म्हणे जपानचं अणूचं पाणी आपल्या दर्यात आलं, मासा खाल्लात तर अंग सडेल."

"कोणी उठवलं?"

"तेच तर तुमी शोधा! बर्फ वितळतोय तिकडं."

मी ठाण्यातल्या जुन्या हवालदाराला कामाला लावले. वीस वर्षे याच किनाऱ्यावर काढलेला माणूस, बोलणे कमी, कान मोठे. बंदरावरच्या चहाच्या टपरीवर तासभर बसून तो परत आला.

"खबर पक्की आहे, साहेब. पहिला शब्द मावशीचा."

मावशी म्हणजे आमच्या पोलीस वसाहतीत पाटी घेऊन येणारी मासळीवाली. पन्नाशीची, काटक, जिभेची तिखट. माझी बायको तिच्याकडूनच मासळी घ्यायची.

बंदरावरच्या बायकांची लिलावात घेण्याची एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. होडीचा माल ढिगाने बोलीला निघतो. एवढा ढीग एकटीला परवडत नाही. म्हणून चार-पाच जणी भागीत बोली लावतात आणि मग वाळूवरच वाटे घालून आपापली पाटी भरतात. मावशीची भागी वर्षानुवर्षांची. ताप असला तरी तिने लिलाव चुकवलेला नाही असे सगळ्या सांगत. ती मावशी मंगळवारी सकाळी लिलावाला आली आणि रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसली. बायकांनी विचारले, तर म्हणाली, "मी आज घेत नाय. ज्यांना कळतं त्यांनी मासा बंद केलाय." एवढेच. दुपारपर्यंत सगळ्या पाट्या उपड्या झाल्या.

मला त्या वाक्यात संघटित हात दिसला. "ज्यांना कळतं" म्हणजे कोण? प्रकल्पाच्या बाजूचे की विरोधातले? मुंबईहून कोणी येऊन गेले का? बाईच्या आडून कोणीतरी खेळतोय, अशी माझी खात्री झाली.

कायदा असा की बाईमाणसाचा जबाब घ्यायचा तर पोलिसाने तिच्या घरी जावे. ते मला पाठ होते. तरी मी मावशीला ठाण्यात बोलावून घेतले. महिला शिपाई शेजारी बसवली म्हणजे झाले, अशी स्वतःची समजूत घातली. ही माझी पहिली चूक, आणि ती जाणूनबुजून केलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती बाकावर बसली. पदर नीट केला. हाताला मासळीचा वास नव्हता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आले.

"मावशी, ज्यांना कळतं ते कोण?"

"हायत कोण."

"नाव सांगा."

"नाव कशाला? माणूस चांगला हाय."

"चांगला माणूस असं बोलतो? गावाचा धंदा बुडाला."

"माझाबी बुडालाच की. मी काय सोन्यावर बसलंय?"

"तुम्हाला कोणी पैसे दिले?"

त्यावर ती हसली. महिला शिपाईसुद्धा हसली, आणि मी तिच्याकडे पाहिल्यावर गप्प झाली.

तपासात एक साधे निरीक्षण असते. खोटे बोलणारा माणूस जास्त बोलतो, खरे लपवणारा कमी. मावशी कमी बोलत होती. म्हणजे नाव खरे आहे आणि ती कुणालातरी वाचवते आहे. इथपर्यंत माझा अंदाज अगदी बरोबर होता. मी आवाज चढवला. गुन्हा दाखल होईल, रत्नागिरीला कोर्टात उभी राहशील, असे सांगितले. ती टेबलाकडे पाहत होती. मग मान वर करून एकदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिले, बराच वेळ. मला तो उद्धटपणा वाटला.

"सायेब, तुमी जेवून या," ती म्हणाली. "दीड वाजला."

वसाहत ठाण्याच्या मागेच होती. मी तणतणत घरी आलो, हात धुतले, पाटावर बसलो. ताटात बटाट्याची भाजी.

"आज पण बटाटा? चौथा दिवस आहे," मी म्हणालो.

बायको पोळी वाढत होती. ती थांबली. "अहो, तुम्हीच सांगितलंत ना, आठ दिवस मासळी नको म्हणून?"

"मी?"

"रविवारी. बातम्या बघत होतात. मुंबईच्या मित्राचा मेसेज दाखवलात, पाणी आपल्याकडे येतंय म्हणून. म्हणालात, पोरीचा टायफॉइड आत्ताच उतरलाय, उगाच धोका नको."

खरे होते. बोललो होतो. बोलून विसरलो होतो. सोमवारी अफवांचा वायरलेस वाचून दाखवणारा मीच आणि रविवारी घरात ते बोलणाराही मीच.

"तू मावशीला काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, साहेब नको म्हणालेत, समुद्रात काहीतरी आलंय. सोमवारी त्या भरली पाटी घेऊन आल्या होत्या. आमच्याकडे नको म्हटल्यावर वसाहतीत बाकीच्यांनीही नको म्हटलं. तशाच परत गेल्या बिचाऱ्या." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. "का? काय झालं? कुठे आहेत त्या?"

"ठाण्यात," मी म्हणालो.

बायकोने हातातली पोळी परत डब्यात ठेवली.

तपास पूर्ण झाला होता. उगम सापडला होता. तेव्हाच ठाण्यात जाऊन हवालदारासमोर दोन वाक्ये बोललो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण कंट्रोल रूमचा आदेश समोर होता, पदोन्नतीची यादी निघायची होती, आणि खरे सांगायचे तर लाज वाटत होती. मी परत गेलो आणि म्हणालो, "मावशी, घरी जा."

"झालं? गावलं कोण ते?"

"चौकशी चालू आहे."

चपला घालून ती निघून गेली. तिला कळले होते की मला कळले आहे.

डायरीत मी लिहिले : 'अफवेचा उगम निष्पन्न होत नाही. सदर महिलेस समज देऊन सोडले.' खात्यात हे वाक्य दिवसातून तीनदा लिहिले जाते. गावाने मात्र त्याचा सरळ अर्थ घेतला. पोलिसांनी दम देऊन सोडली, म्हणजे बाईनेच मनचे रचले होते.

धंदा लवकर सावरला. मत्स्य खात्याचे अधिकारी नकाशा घेऊन आले, जपान कुठे आणि आपला दर्या कुठे हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. मी गणवेशात लिलावाला उभा राहून सगळ्यांच्या देखत सौंदाळे मासे घेतले. त्या दिवशी वसाहतीत तळणीचा वास सुटला. सोसायटीने सभा घेऊन मला शाल-श्रीफळ दिले. 'अफवा मोडून काढणारे कर्तव्यदक्ष अधिकारी' असे चेअरमन म्हणाले. मी शाल घेतली. बायको त्या सभेला आली नाही.

दोन दिवसांनी हवालदार सह्यांची फाईल घेऊन आला आणि जाता जाता म्हणाला, "साहेब, मावशीला कोणी भागीत घेत नाहीत."

"म्हणजे?"

"कोणी नको म्हणत नाही. ती येऊन बसली की बाकीच्या सरकून बसतात, बस. एकटी ढीग कसा उचलणार? आता पहाटेच्या एसटीने रत्नागिरीला जाते, तिकडून माल आणते. तिकिटातच जातं सगळं."

हवालदाराला ठाऊक होते का? मला वाटते, होते. त्याने कधी दाखवले नाही. मीही विचारले नाही.

त्या पावसाळ्यापर्यंत मावशी एसटीने जात राहिली. पुढल्या हंगामात बायकांनी तिला परत भागीत घेतले, पण टोमणा कायमचा चिकटला. ती काहीही बोलली की कुणीतरी म्हणायचे, "ही काय गो, खबर घेऊन आली! हिचं ऐका नि पाटी उपडी घाला." साधे ऊन-पावसाचे सांगितले तरी हसायच्या. वसाहतीत ती पूर्वीसारखीच यायची, बायकोला मोठा वाटा द्यायची, माझ्याविषयी एक अक्षर काढायची नाही. बायकोने तिच्या घरी जाऊन माफी मागितली होती, हे मला नंतर कळले. माझी बदली झाली. पदोन्नतीही मिळाली.

गुडघ्याच्या दुखण्याने दोन वर्षांपूर्वी मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. घरी बसल्यावर बायको एकदाच म्हणाली, "आता तर कुठला साहेब वर नाही ना?" मला समजले.

गेल्या हंगामात आम्ही दोघे त्या बंदरावर गेलो. होड्या यायच्या होत्या. बायका वाळूवर बसल्या होत्या. मावशीचे केस पांढरे झाले आहेत. आता पाटी तिची सून घेते, ती नुसती सोबत येऊन बसते. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि जे घडले ते रविवारच्या बातम्यांपासून बटाट्यापर्यंत सांगितले.

मग लिलावात जिचा आवाज सगळ्यात मोठा, ती बाई उठली.

"म्हंजे आमी इतकी वर्सं हिला उगाच बोललो?"

"हो."

"मेल्या, तवाच सांगितलं असतंस तर काय जीब झडली असती तुझी?" आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "सायेब, चुकून आलं हां तोंडातून."

"चुकून नाही आलं," मी म्हणालो. सगळ्या हसल्या. मीही हसलो. किती वर्षांनी मोकळे हसलो, ते माझे मला माहीत.

मावशी तिला म्हणाली, "तू नको बोलू. पयली सरकलेली तूच."

ती बाई खाली बसली. मी मावशीला विचारले, "त्या दिवशी ठाण्यात का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? तुमी खुर्चीत बसून इचारत होता. ती पोरगी बाजूला, हवालदार दारात. त्यांच्यासमोर म्हणू, की तुमीच?" मग म्हणाली, "वाटलं, जेवून आलात की सांगाल."

तेवढ्यात होडी लागली. बांगड्याचा ढीग पडला, बोली झाली. त्या मोठ्या आवाजाच्या बाईने वाटे घालताना एक वाटा जास्त घातला आणि मावशीच्या पुढे ढकलला.

"हा तुझा."

"मी आता कुठं इकते गो? पाय गेले."

"मग खा!"

मावशीने तो वाटा पदरात ओढून घेतला. नको म्हणाली नाही.

या चौकशीने काय शिकवले, असे कोणी विचारले तर दोन गोष्टी सांगेन. लहान गावात अधिकाऱ्याचे स्वयंपाकघर हे जाहीर पत्रकच असते. तिथे काय शिजते आणि काय शिजायचे थांबते, हे गाव बघत असते. आणि दुसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. माझ्या अहवालात मी लिहिले होते की 'स्थानिक लोक अशिक्षित असल्याने अफवेस बळी पडले'. तसे नव्हते. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही. अशा वेळी माणूस ज्याला कळत असेल त्याच्याकडे बघतो आणि तो करेल तसे करतो, याहून शहाणपणाचे दुसरे काय करणार? त्या दिवशी गावाने विश्वास ठेवला तो माझ्यावर. तो विश्वास मावशी पाटीत घालून बंदरावर घेऊन गेली, त्यात तिने पदरचे एक अक्षरही घातले नव्हते.